नेतृत्व शिबिरात निर्णय विद्यार्थ्यांच्या हाती द्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

महाविद्यालयांमध्ये पुढील वर्षाच्या उपक्रमांचे नियोजन सध्या सुरू आहे आणि त्यात ‘नेतृत्व विकास शिबिर’ अशी एक ओळ बहुतेक ठिकाणी असतेच. ती ओळ प्रत्यक्षात कशी उतरावी, याबद्दल एका विद्यार्थिनीचे म्हणणे आपल्या दैनिकातून संबंधितांपर्यंत पोहोचावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या तृतीय वर्षात शिकते. तीन वर्षांत मी तीन निवासी शिबिरांना गेले. पहिले राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे ग्रामीण शिबिर, दुसरे सभागृहात भरलेले नेतृत्व विकास शिबिर आणि तिसरे आठ दिवसांचे साहस व नेतृत्व प्रशिक्षण शिबिर, ज्यात आम्ही पाठीवर सामान घेऊन सड्यांवरून (कातळाच्या पठारांवरून), पाखाड्यांवरून आणि किनाऱ्याने चाललो, तंबूत राहिलो आणि स्वतः चूल पेटवून जेवलो. या तिन्हींतून माझे एकच मत पक्के झाले आहे. ज्या शिबिरात विद्यार्थ्याला खरा निर्णय घ्यावा लागतो आणि त्याचा परिणाम त्याच दिवशी त्याच्यासमोर येतो, तेच नेतृत्वाचे शिबिर; आणि कोकणातल्या विद्यार्थ्यांसाठी असे शिबिर कोकणातच, दरवर्षी, नियमितपणे भरले पाहिजे.

दुसऱ्या शिबिराबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यात लिहिण्यासारखे फारसे नाही. आयोजकांचे नाव घेण्याचे कारण नाही. त्यांचा हेतू चांगला होता. तीन दिवसांत नऊ व्याख्याने झाली. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे येईपर्यंत आम्ही दीड तास बसून होतो आणि त्या दीड तासात दीडशे मुलांपैकी कोणालाही, ‘तोपर्यंत तुम्ही काही ठरवा आणि करा’ असे कोणी म्हटले नाही. पाण्याची पिंपे भरणे, पंगती वाढणे, झोपण्याची व्यवस्था ही सगळी कामे कर्मचाऱ्यांनी केली. आम्ही वह्या भरून घरी आलो. नेत्याच्या अंगी कोणकोणते गुण असावेत याची यादी माझ्या वहीत आजही आहे, पण त्यातला एकही गुण वापरण्याची वेळ त्या तीन दिवसांत आमच्यावर आली नाही.

त्या मानाने राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर कितीतरी खरे होते. ही योजना १९६९ साली महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर करावे, हा तिचा नियम आजही आमच्या पिढीला गावात नेऊन उभे करतो. आम्ही ओढ्यावर वनराई बंधारा बांधला. रिकाम्या सिमेंटच्या गोण्या मातीने भरून, शिवून, एकावर एक सांधेमोड करून रचताना पाणी कुठून फुटते हे हाताला कळत गेले. मात्र तिथेही बंधारा कुठे घालायचा, किती उंचीचा घालायचा आणि कोणी कोणते काम करायचे, हे आधीच ठरलेले होते. श्रम आमचे होते, निर्णय आमचा नव्हता. हे तक्रार म्हणून लिहीत नाही; पुढची पायरी कोणती असावी, एवढेच दाखवायचे आहे.

ती पायरी मला तिसऱ्या शिबिरात सापडली. तिथे दहा विद्यार्थ्यांच्या गटामागे दोन प्रशिक्षक होते आणि दररोज एका विद्यार्थ्याकडे त्या दिवसाचे नेतृत्व होते. चौथा दिवस माझा होता. सकाळी प्रशिक्षकांनी माझ्या हातात भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा दिला आणि संध्याकाळपर्यंत खाडीपलीकडच्या वाडीतल्या शाळेत पोहोचायचे, एवढेच सांगितले. वाट, वेळ, विश्रांती, पाणी, सगळे मी ठरवायचे होते. नकाशावर खाडीचे मुख अरुंद दिसत होते आणि सुकतीला (ओहोटी पूर्ण झाल्यावर) तिथून गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येते, हे आदल्या रात्री गावकऱ्यांनी सांगितलेही होते. मी नाश्ता, तंबू आवरणे, सामानाची वाटणी हे सारे अगदी नीट करून घेतले, कोणाला घाई केली नाही, आणि साडेअकराच्या सुमारास आम्ही खाडीवर पोहोचलो.

पाणी चढत होते. तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) वेचून परत निघालेल्या एक आजी कमरेवर टोपली घेऊन आमच्याकडे येत होत्या. त्यांचे लुगडे मांडीपर्यंत भिजलेले होते. मी त्यांना विचारले, “आजी, इथून पलीकडे जाता येईल का?” त्यांनी उत्तर न देता मलाच विचारले, “आज तिथी कितवी गो?” मी म्हणाले, वद्य तृतीया. “मग दोन-सव्वादोनला भरती. आता पाणी चढतंय, सकाळच्याला यायचं होतंस.”

संपादक महोदय, हा हिशेब मला लहानपणापासून पाठ आहे. माझे आजोबा मचव्यावर खलाशी होते आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे त्यांनी मला पाढ्यांबरोबर शिकवले होते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला आणि अमावास्येला अकरा-बाराच्या. गावागणिक थोडा फरक पडतो इतकेच. तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोन. म्हणजे पूर्ण सुकती सकाळी आठच्या सुमारास झालेली होती आणि आम्ही साडेनवाच्या आत तिथे पोहोचणे आवश्यक होते. शिवाय पौर्णिमा होऊन तीनच दिवस झाले होते, त्यामुळे उधाणाचा जोर अजून ओसरलेला नव्हता. हे सगळे मला माहीत होते. चूक अज्ञानाची नव्हती. घरात मिळालेले ज्ञान ऐन वेळी मला आठवले नाही, कारण नऊ माणसांची जबाबदारी डोक्यावर असताना विचार कसा करायचा, याचा सराव मला कधी मिळालाच नव्हता.

प्रशिक्षक दहा पावलांवर उभे होते. त्यांना सकाळपासून सगळे ठाऊक होते, हे आम्हाला नंतर कळले. चढत्या पाण्यात आम्ही पाऊल टाकले असते तर त्यांनी तत्काळ अडवले असते. पण उशीर होणे धोक्याचे नव्हते, म्हणून त्यांनी तो होऊ दिला. आता माझ्यासमोर दोन वाटा होत्या. तिवरांच्या कडेला थांबून संध्याकाळी पाणी उतरल्यावर अंधारात खाडी ओलांडायची, किंवा वरच्या अंगाच्या पुलावरून वळसा घालायचा. आम्ही सुतळी नकाशावरच्या रस्त्याच्या वळणांवर बसवून मोजली. ती अठरा सेंटीमीटर भरली. त्या नकाशावर दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर, तेव्हा नऊ किलोमीटर. एका मुलाच्या टाचेला फोड आलेला होता आणि प्यायचे पाणी माणशी अर्धी बाटली उरले होते. मी सगळ्यांना गोल बसवले, चूक माझी झाली हे सांगितले आणि प्रत्येकाचे मत विचारले. अंधारात खाडी नको, यावर सगळ्यांचे एकमत झाले. फोड आलेल्या मुलाचे सामान मी स्वतःच्या पाठीवर घ्यायला निघाले, तेव्हा प्रथम वर्षातली एक मुलगी म्हणाली की ताई, तुम्ही दोन पाठपिशव्या घेतल्या तर नकाशा कोण बघणार? तिने ते सामान पाच जणांत वाटून दिले. वाटेतल्या पहिल्या वाडीत विहिरीवर बाटल्या भरल्या. आम्ही शाळेत पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

त्या रात्री जेवणानंतर नेहमीप्रमाणे सगळे गोलात बसले. काय घडले, का घडले आणि उद्या वेगळे काय करणार, या तीन प्रश्नांवर बोलायचे आणि ज्याच्याकडे दिवसाचे नेतृत्व होते त्याने आधी बोलायचे, अशी तिथली पद्धत होती. मी माझ्या उशिराबद्दल बोलले. पण नंतर बोलताना बहुतेकांनी उशिराचा उल्लेखही केला नाही; त्या सामानाच्या वाटणीबद्दल आणि मत विचारल्याबद्दल ते बोलले. दुसऱ्या दिवसाचे नेतृत्व त्या प्रथम वर्षातल्या मुलीकडे होते. तिने झोपण्यापूर्वी तिथी विचारली, हिशेब मांडला आणि वेळ वहीत लिहून ठेवली.

हे इतके सविस्तर अशासाठी लिहिले की, नऊ व्याख्यानांत जे सांगून झाले नाही ते एका खाडीने एका दुपारी शिकवले. या प्रकारच्या प्रशिक्षणाचा उगमही समुद्रावरच झालेला आहे, हे मला नंतर वाचताना कळले तेव्हा फार बरे वाटले. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरात जहाजे बुडवली जात होती, आणि जीवरक्षक होड्यांत उतरलेल्या खलाशांपैकी धडधाकट तरुणांपेक्षा वयाने मोठे, अनुभवी खलाशी अधिक टिकतात, असे जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांचे मत झाले होते. त्यांनी आणि नाझी जर्मनी सोडून आलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी १९४१ साली वेल्समधील ॲबरडोवी या किनाऱ्यावरच्या गावात ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली. तरुणांकडे ताकद होती. संकटात स्वतःला आणि सोबत्यांना सावरण्याची सवय नव्हती, आणि ती लावून घेता येते, हा त्यामागचा विचार होता. पुढे १९६५ साली अमेरिकेत पॉल पेटझोल्ट या गिर्यारोहकाने काढलेल्या ‘नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल’ने नेतृत्व हाच शिकवण्याचा विषय केला.

आपल्या देशात ही परंपरा हिमालयात रुजली. तेनसिंग आणि हिलरी यांनी १९५३ साली एव्हरेस्ट सर केल्यानंतर पुढच्याच वर्षी दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६५ साली उत्तरकाशीची नेहरू माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट. महाराष्ट्रातली किती तरी मुले-मुली तिथे शिकून आली आणि त्यांनी सह्याद्रीत उत्तम काम उभे केले. माझी त्यांच्याविषयी आदराचीच भावना आहे. पण गुहागर, राजापूर किंवा देवगडच्या विद्यार्थ्याने महिनाभर हिमालयात जाणे, प्रवासाचा आणि साहित्याचा खर्च करणे, हे फार थोड्यांना जमते, आणि तिथे बर्फाची कुऱ्हाड वापरायला शिकून आल्यावरही आपल्या खाडीचे पाणी कधी चढते हे त्याला निराळे शिकावेच लागते. शाळेत आम्ही महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा असे पाठ केले. या किनाऱ्यावर तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण केंद्र आहे, शेजारी गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र रत्नागिरीतच आहे. यांच्यापैकी दोघांनी जरी एकत्र बसून ठरवले, तरी आठ दिवसांचा अभ्यासक्रम आखणे अवघड नाही. त्यात होडी वल्हवणे, दोराच्या गाठी, नकाशावाचन आणि प्रथमोपचार यांबरोबर बुडणाऱ्याला वाचवण्याचा क्रम शिकवावा. आधी काठी पुढे करायची, मग दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकायची, मग होडी न्यायची, आणि स्वतः पाण्यात उडी घेणे हा अगदी शेवटचा उपाय, तोही प्रशिक्षिताचाच. आपल्याकडे नेमके उलटे होते; मित्र बुडताना दिसला की मित्र उडी मारतो आणि एकाचे दोन होतात. सड्यावर फुरसे चावले तर पाय आवळून बांधायचा नाही, जखम कापायची नाही, त्या माणसाला चालू द्यायचे नाही आणि वेळ न घालवता रुग्णालय गाठायचे, हेही प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असले पाहिजे.

याची गरज केवळ भटकंतीपुरती नाही. २०१९ च्या जुलैत तिवरे धरण फुटले, २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आले, पुढच्या मे महिन्यात तौक्ते, आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. चिपळुणात माझ्या मामांचे घर आहे. पूर ओसरल्यावर आम्ही तिथे गेलो तेव्हा घरात पोटरीइतका चिखल होता आणि मदतीला म्हणून आलेली पंधरा-वीस मुले दारात उभी होती. सगळ्यांना काम करायचे होते, पण घमेली दोन होती आणि सुरुवात कुठून करायची हे कोणी ठरवत नव्हते. शेवटी शेजारच्या एका काकूंनी मुलांची दारापासून गटारापर्यंत रांग लावली, बादल्या, डबे, परात जे मिळेल ते हातोहात पुढे जाऊ लागले आणि दुपारपर्यंत तीन घरे मोकळी झाली. तेव्हा मी शाळेत शिकत होते आणि मला वाटले होते की असे सुचणे हा एखाद्याचा स्वभाव असतो. आता वाटते, ते शिकवता येते. आपत्ती व्यवस्थापनासाठी राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने होणारे ‘आव्हान’ शिबिर आणि ‘आपदा मित्र’चे बारा दिवसांचे प्रशिक्षण हे उत्तम उपक्रम आहेत, परंतु त्यांत प्रत्येक महाविद्यालयातून मोजकेच विद्यार्थी जातात.

आता सुरक्षिततेबद्दल, कारण प्राचार्य आणि पालक दोघेही पहिला प्रश्न हाच विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्या बातमीनंतर कित्येक घरांतून आणि महाविद्यालयांतून समुद्राचे नाव काढणेच बंद झाले. ती भीती मी समजू शकते. परंतु बंदी घातल्याने विद्यार्थी समुद्रावर जायचे थांबत नाहीत. ते कोणाला न सांगता, रविवारी, चार दुचाक्यांवरून जातात, आणि ओहोटीच्या वेळी पाणी आत ओढते हे त्यांना सांगणारे कोणी सोबत नसते. राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणून जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींवरील उपक्रमांच्या आयोजकांसाठी नोंदणीची पद्धत घातली आहे. महाविद्यालयांनी नोंदणीकृत संस्थाच निवडावी, दहा विद्यार्थ्यांमागे दोन प्रशिक्षक असल्याशिवाय परवानगी देऊ नये, पाण्यावरच्या प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे, आणि जवळच्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता शिबिरापूर्वी कोणीतरी स्वतः जाऊन पाहिलेला असावा. एवढे काटेकोर राहिल्यास, प्रशिक्षकाच्या नजरेसमोर चूक करू देणे हे निष्काळजीपणाचे लक्षण राहत नाही.

मुलींविषयी दोन शब्द वेगळे लिहिले पाहिजेत. माझ्या वर्गातल्या सहा मुलींना तिसऱ्या शिबिराला यायचे होते; प्रत्यक्षात दोघी आलो. बाकीच्या चौघींच्या घरून परवानगी मिळाली नाही. माझ्या वडिलांनी होकार दिला तो आमच्या एक मॅडम पूर्ण आठ दिवस सोबत राहणार हे कळल्यावर, आणि आईने होकार दिला तो शौचालयाची व्यवस्था कुठे कुठे आहे हे मी तिला कागदावर लिहून दिल्यावर. या दोन गोष्टींची लेखी हमी माहितीपत्रकातच दिली आणि शिबिरापूर्वी पालकांना एक दिवस बोलावून प्रशिक्षकांची भेट घडवली, तर कितीतरी मुलींचा मार्ग मोकळा होईल. शक्य असेल तिथे प्रशिक्षकांपैकी एक स्त्री असावी.

खर्चाचाही प्रश्न आहे. आंबा बागायतदाराच्या मुलाला आणि मच्छीमाराच्या मुलीला एकच शुल्क परवडेल असे नाही. महाविद्यालयांनी तंबू, दोर आणि जाकिटे दरवेळी भाड्याने आणण्याऐवजी चार-पाच महाविद्यालयांत मिळून एक संच विकत घ्यावा, असे मला सुचवावेसे वाटते. प्रशिक्षकांमध्ये गावातल्या अनुभवी तांडेलांना (होडीच्या प्रमुखांना) मानधन देऊन बोलवावे. वाऱ्याचा, पाण्याचा आणि माणसांना एका होडीत सांभाळण्याचा त्यांचा अभ्यास कोणत्याही पाहुण्यांच्या व्याख्यानापेक्षा अधिक आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार सहअभ्यासक्रमातील उपक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत. त्यात या शिबिराचा समावेश व्हावा, मात्र ते श्रेयांक फलकासमोर काढलेल्या सामूहिक छायाचित्रावर मिळू नयेत. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या नेतृत्वाच्या दिवशी कोणता निर्णय घेतला, तो का घेतला आणि त्याचे काय झाले, हे स्वतःच्या हाताने लिहावे आणि त्यावरून मूल्यमापन व्हावे.

राहता राहिला तारखांचा मुद्दा. गणपतीत आणि शिमग्यात कोकणातला विद्यार्थी घरीच असतो, पावसाळ्यात समुद्र बंद असतो आणि मार्च-एप्रिल परीक्षांचा असतो. म्हणून डिसेंबर किंवा जानेवारी हाच काळ योग्य. त्या तारखा ठरवताना संबंधितांनी परीक्षांच्या वेळापत्रकाशेजारी पंचांगही उघडून ठेवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. नवशिक्यांना पाण्यावर न्यायचे दिवस अष्टमीच्या आसपास धरावेत, कारण तेव्हा भांगाच्या भरत्या असतात, पाण्याची ओढ त्या मानाने कमी असते आणि सुकती भर दुपारी, चांगल्या उजेडात मिळते.

आपली विश्वासू,
तृतीय वर्ष विज्ञान शाखेतील एक विद्यार्थिनी,
जिल्हा रत्नागिरी